वहीत मी पाचही दिवस ठीक होतो

माझ्या हृदयाची एक झडप लहानपणापासून खराब होती, आणि ते मला छत्तिसाव्या वर्षी, बर्फात तोंडावर पडल्यावर कळलं. त्याआधीची निदान चार वर्षं ती मला सांगत होती. जिना चढताना सांगत होती, कंपनीच्या बसमागे धावताना सांगत होती. मी तिला पित्त म्हणत होतो.

हे लिहिण्याचं कारण एवढंच. वाशीच्या दवाखान्यात तपासणीसाठी बाकावर बसलो होतो तेव्हा हाताशी एक फाटकं मासिक होतं आणि शेजारी माझ्याइतकीच घाबरलेली माणसं होती. अमुक होतं, एवढं दुखतं, एवढं नाही दुखत, असं सांगणारं कुणी नव्हतं. शिवाय आता आमच्या ऐरोलीतूनसुद्धा लोक बर्फात घसरायला जायला लागलेत, त्यांनाही दोन शब्द सांगायचेत. उपदेश करणार नाही. उपदेशाचा हक्क मी कसा गमावला ते पुढे येईलच.

सेफ्टीवाले साहेब

रबाळ्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी आहे. हेल्मेट घातलं का, पट्टा लावला का, व्हॉल्व्ह बंद करून पाटी अडकवली का, असं दिवसभर विचारत फिरणारा माणूस कुणाला आवडत नाही. मी कँटीनमध्ये बसलो की शेजारचं टेबल गप्प होतं.

आमच्या मनोरंजन मंडळाची दर वर्षी एक सहल निघते. महाबळेश्वर झालं होतं, गोवा दोनदा झालं होतं. त्या वर्षी कुणीतरी गढवालातल्या औलीचं पत्रक आणलं. पाच दिवसांचा स्कीइंगचा वर्ग, राहणंखाणं तिथेच. आठ जणांनी नावं दिली. मी नियोजन हातात घेतलं आणि मग ती सहल उरली नाही, कारखान्याचा वार्षिक दुरुस्तीचा शटडाऊन झाला. लोकरी मोज्यांपासून गॉगलपर्यंत याद्या झाल्या. जोड्या लावल्या, एकट्यानं उतारावर जायचं नाही. रोज सकाळी बर्फावर पाऊल टाकण्याआधी हजेरी, प्रत्येकाला प्रकृती विचारायची आणि वहीत त्याच्या नावापुढे लिहायचं, मगच स्की पायात.

पत्रकात एक ओळ होती: वर जाण्यापूर्वी जोशीमठला एक दिवस थांबून आराम करावा. रजेचे दिवस मोजले तर तो एक दिवस बसत नव्हता. मी तो कापला. नुसतं बसायला काय एवढ्या लांब जायचं? आमच्या गेटाशेजारच्या भिंतीवर 'अति घाई संकटात नेई' असं हातभर अक्षरांत लिहिलंय. ते मीच रंगवून घेतलं होतं.

आठ जणांत हरेश्वर म्हात्रे होता. घणसोली गावचा, प्लँटवर ऑपरेटर. त्यांच्या घरची मिठागरं होती, ती नवी मुंबई वसताना गेली आणि घरातली पोरं कारखान्यांत आली. या म्हात्रेला मी वर्षभरापूर्वी मेमो दिला होता. दर तासाला भट्टीचं तापमान बघून लिहायचं असतं. यानं पाळीवर आल्याआल्या बसून दुपारपर्यंतचे सगळे आकडे भरून टाकले होते. मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "दोन वाजता काय होणार हे तुला दहा वाजता कसं कळलं?" तो खाली मान घालून उभा होता. आमच्या जोड्या चिठ्ठ्या टाकून लावल्या, त्यात माझा जोडीदार तोच निघाला.

आता माझी गोष्ट. दिल्लीच्या गाडीत मी ती हजेरीची वही आखत बसलो होतो. आठ नावं, पाच रकाने. आखून झाल्यावर माझ्या नावापुढच्या पाचही रकान्यांत मी 'ठीक' लिहून टाकलं. विचारणारा मी, सांगणारा मी, लिहिणाराही मीच. रोज काय तेच तेच करायचं?

मिठागर

दिल्लीहून हरिद्वार, तिथून पूर्ण दिवस बस. जोशीमठला संध्याकाळी पोचलो, एसटीडी बूथवरून विद्याला, म्हणजे बायकोला फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच रोपवेनं वर. समुद्राच्या पातळीवरची ऐरोलीची माणसं तीन दिवसांत साडेनऊ हजार फुटांवर.

रोपवेतून उतरल्यावर सगळे कानटोप्या ओढू लागले. म्हात्रे मात्र कमरेवर हात ठेवून चौफेर बघत म्हणाला, "साहेब, हा तं मिठागर हाय पुरा!"

मी गॉगल कपाळावर सरकवला होता. तो चटकन म्हणाला, "गागल काढू नका साहेब. माझ्या बापाचं डोलं मिठाच्या उजेडानं गेलं. पांढऱ्यावरचा ऊन लई वाईट."

पुढे वर असेपर्यंत आमच्यातल्या एकानंही गॉगल काढला नाही, ते त्याच्या बापाच्या डोळ्यांमुळे. माझ्या यादीमुळे नव्हे.

आमचे शिक्षक नेगीजी. पन्नाशीचे, रापलेले, कमी बोलणारे. पहिला तास पडण्याचा. बाजूला पडायचं, हात पुढे टेकायचे नाहीत, पडल्यावर स्की उताराला आडव्या करून उठायचं. "पहले गिरना सीखिए, जाधवजी. जो गिरना नहीं जानता, वही टूटता है." दुसरा तास थांबण्याचा, स्कीची टोकं जवळ आणि शेपट्या फाकवून. कुणी पडलं तर त्याच्या वरच्या बाजूला दोन स्की बर्फात फुलीसारख्या रोवायच्या, म्हणजे वरून येणारा अंगावर येत नाही. मी खूश होऊन सगळं टिपून घेतलं. हा माणूस माझ्या जातकुळीचा होता.

नवशिक्यांच्या उतारावर वरच्या टोकाला एक तांबडा झेंडा रोवलेला होता. शेवटच्या दिवशी त्या झेंड्यापासून, दोन वळणं घेत, न पडता खाली येऊन आपण होऊन थांबायचं. तो आमचा पास-नापास. त्या दिवशी मी वीस-पंचवीस फूट घसरलो असेन. पण पायाखालची जमीन आपोआप पुढे सरकते, गार वारा तोंडावर येतो आणि आपण चक्क उभे असतो! मला इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता. त्या क्षणापासून मला तो झेंडा हवा होता.

पित्त

संध्याकाळी डोकं दुखायला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उलटी झाली.

आता मराठी माणसाला विचारा, डोकं दुखतंय आणि उलटी झाली, काय असेल? शेंबडं पोरही सांगेल, पित्त. प्रवास झाला, जागरण झालं, अवेळी चहा झाला, पित्त होणारच. आमच्या घरात ताप सोडून बाकी सगळ्या दुखण्यांचं नाव पित्त आहे. विद्यानं सामानात मोरावळ्याची बरणी दिलीच होती. मी सकाळ-संध्याकाळ दोन-दोन आवळे खाल्ले, आमसुलं चोखली आणि कामाला लागलो.

आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं, उठून बसलं की बरं वाटायचं. म्हात्रे माझ्याच खोलीत होता. त्यानं विचारलं, "साहेब, तुमी बसून झोपताव?"

"आडवं झालं की पित्त वर येतं."

"तोंड पन सुजल्यावानी दिसते."

"थंडीनं." मी विषय संपवला.

दुसऱ्या संध्याकाळी तिथल्या ऑफिसातून घरी फोन लागला. विद्या म्हणाली, "आवाज का असा येतोय?" मी म्हणालो, लाईन खराब आहे, मी ठीक आहे. त्या दिवशी मी तिला तीनदा 'ठीक आहे' म्हणालो.

तिसऱ्या सकाळी बर्फावर हजेरी झाली. सात जणांना मी नीट, डोळ्यांत बघून विचारलं. वही मिटताना म्हात्रे म्हणाला, "आनि तुमी?"

"माझं लिहिलंय."

नवशिक्यांना वर जायला यंत्र नव्हतं. स्की पायातच ठेवून, आडवं उभं राहून, एकेक पाऊल वर टाकत चढायचं. म्हात्रे ते तुरुतुरु करत होता. मी पाच पावलं टाकायचो आणि थांबायचो. खोकला सुरू झाला होता. अर्ध्या वाटेवर मोठी उबळ आली, मी बर्फावर थुंकलो आणि बघितलं तर गुलाबी फेस. तेव्हाही डोक्यात पहिला विचार आला तो आमसुलांचा रंग असेल हा. मग मी पुढे तोंडावर पडलो. पडायचं बाजूला असतं हे माहीत असून.

मला श्वास मिळत नव्हता. पाण्यात बुडाल्यावर जसं होतं तसं, पण वर यायला पाणीच नाही. फार भीती वाटली, आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. म्हात्रेनं माझे बूट स्कीतून सोडवले, मला बसतं केलं, पाठीमागे गुडघा लावला आणि ओरडून नेगीजींना बोलावलं. मग आपल्या दोन्ही स्की काढून वरच्या अंगाला फुली करून रोवल्या. मी गुदमरत होतो आणि तशातही माझ्या मनात आलं, बरोबर केलंन.

घसरगाडीवरून मला खाली आणलं, रोपवेनं जोशीमठला. तिथल्या दवाखान्यात नाकाला ऑक्सिजन, शिरेत इंजेक्शन. मग धो धो लघवी झाली, आणि प्रत्येक खेपेला छाती हलकी होत गेली. मोकळा श्वास ही काय चीज आहे ते तिथे कळलं.

वही

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हात्रे खाटेजवळ आला. बाकीचे वर होते, हा माझ्यासाठी खाली थांबला होता. हातात वही. त्यानं पान उघडून माझ्या मांडीवर ठेवलं.

"साहेब, तुमी काल पन ठीक होताव. आज पन ठीक हाव. उद्या पन ठीक र्‍हानार."

आवाजात खोच नव्हती. असती तर बरं झालं असतं. मी रकाने बघितले. पाच 'ठीक', एका शाईचे, एका बैठकीतले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. मी त्याला म्हणालो, "म्हात्रे, मला मेमो दे."

"ऱ्हाऊं द्या," तो म्हणाला. "आधी चा घ्या."

कुठली झडप?

वाशीच्या डॉक्टरीणबाई. छातीवर गार चिकट मलम लावून, एक दांडी फिरवत, टीव्हीसारख्या पडद्यावर माझं हृदय बघत होत्या. बराच वेळ बघितलं. तो बराच वेळ हाच आजारपणातला सगळ्यात लांब वेळ. मग त्यांनी विचारलं, "लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का?"

मला आठवेना. गावाहून आई आली होती, ती पटकन म्हणाली, "आला की. चौथीत असताना. गुडघे हे एवढाले. दोन महिने शाळा बुडाली. वाढीच्या अंगानं दुखतात म्हणाले सगळे, मी शेक दिला."

त्या तापानं तेव्हाच हृदयाची झडप धरली होती. पंचवीसेक वर्षं ती आकसत गेली. रक्त पुढे जायला वाट अरुंद, मागे फुप्फुसावर भार. ऐरोलीत तो निभत होता. उंचीवर, थंडीत, मेहनतीत निभला नाही. एवढंच शास्त्र मला कळलं आणि तेवढं पुरे झालं.

"पण मला पित्ताचा त्रास आहे," मी म्हणालो.

"असेल. पित्तानं छातीत पाणी होत नाही, जाधव."

आई बाहेर बाकावर बसून रडली. मी शेक देत बसले, म्हणाली.  घरी आल्यावर विद्यानं मोरावळ्याची उरलेली बरणी उघडली आणि सगळा मोरावळा कचऱ्यात ओतला. "मीच दिला होता ना," म्हणाली. मी समजावायला गेलो तर हात झटकून टाकला.

फुगा

मांडीच्या शिरेतून एक नळी हृदयापर्यंत नेतात, तिच्या टोकाला फुगा असतो, तो झडपेत फुगवतात आणि वाट मोकळी होते. ऐकून मला चक्कर आली. खाडीवरचा मुलुंडचा पूल होणार होणार म्हणून आम्ही ऐकतच होतो, त्यामुळे वळसा घालून मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात गेलो.

वॉर्डात पहाटे पाचला थर्मामीटर, साडेपाचला चहा, सहाला फरशी. फरशी पुसणाऱ्या मावशी रोज माझ्या खाटेखालच्या चपला सरळ लावून जायच्या. मला त्याचा का कोण जाणे फार आधार वाटायचा. शेजारच्या खाटेवर अलिबागकडचे एक काका होते. येणाऱ्या प्रत्येक नव्या रोग्याला ते गाडीतल्या सहप्रवाशासारखं विचारायचे, "कुठली झडप?" त्यांच्या स्वतःच्या झडपेत दोनदा फुगा फुगवला होता. ते म्हणाले, "मांडीला टोचतात तेवढंच दुखतं. आत फुगा फुगतो तेव्हा दोन क्षण जीव खाली बसतो. घाबरू नका, मोजा. पाच मोजेपर्यंत संपतं."

मी जागा होतो. टोचलं ते दुखलं. मग दोन क्षण खरंच जीव खाली बसला. मी मोजलं. चारपर्यंत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी विद्यानं मला उशीशिवाय आडवं झोपलेलं बघितलं. किती तरी महिन्यांनी मी तसा झोपलो होतो. 

दोन बोटं

मग घर. लोकांना वाटतं, आजार संपला की घर पूर्ववत होतं. तसं नसतं, आणि हे कुणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगतो.

विद्याचा माझ्यावरचा विश्वास उडाला होता. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. मी कामावरून आलो की ती विचारायची, "ठीक?" मी म्हणायचो, "ठीक." मग ती हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर यायची, माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवायची आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहायची. माझे ओठ बघायची, पाय सुजलेत का बघायची. मग आत जायची. रोज.

सहा महिन्यांनी मी एकदा वैतागलो. "अगं, सांगतोय ना ठीक आहे!"

"डोंगरावरूनही सांगत होतात," ती म्हणाली. "तीनदा."

 मी मनगट पुढे केलं.

आधी जिने

दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, तो ताप पुन्हा झडपेवर येऊ नये म्हणून. दोन दिवस धड बसता येत नाही. ते चुकवू नका. मी कॅलेंडरवर गोल करतो, आणि हा गोल त्या दिवशी टोचून आल्यावरच काढतो, आधी नाही.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "पुन्हा औलीला जाता येईल?"

त्यांनी चष्मा काढला. "आधी जिने."

मग मी जिने धरले. आमची इमारत चार मजली. पहिल्या महिन्यात एक मजला, थांबत. मग दोन. खाडीच्या बांधावरून चालणं, मग पारसिकचा डोंगर. धाप लागली की थांबायचं, आणि थांबलो ते वहीत लिहायचं. 'आज तिसऱ्या मजल्यावर थांबलो.' हे लिहायला मला जिना चढण्यापेक्षा जड जायचं. बारा-तेरा वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका लिहीत आलो होतो, आपली लिहायची सवय नव्हती. पण मला झेंडा हवा होता. मी ठरवलं होतं. सरकत्या पट्ट्यावर चालण्याची तपासणी झाली, पुन्हा दोनदा पडद्यावर हृदय बघून झालं. दुसऱ्या हिवाळ्यात बाई म्हणाल्या, "जा. पण सावकाश चढायचं. आणि जरा काही वाटलं की खाली. तिथे बसून विचार करायचा नाही." मला चाललं ते प्रत्येकाला चालेल असं नाही, आपापल्या डॉक्टरांना विचारा.

विद्या म्हणाली, "मी नको म्हटलं तर थांबाल?"

मी विचार करून म्हणालो, "थांबेन."

 चौथ्या दिवशी तिनं लोकरी मोजे उन्हात टाकले. बरणी मात्र दिली नाही.

दुसऱ्यांदा

पुन्हा मंडळाच्या सहलीतूनच गेलो, पण या खेपेला जोशीमठला दोन दिवस नुसते बसलो. गावात हळूहळू फिरलो, पाणी प्यायलो, पत्ते खेळलो. वर गेल्यावर आणखी एक दिवस स्कीला हात लावला नाही. वही मी म्हात्रेकडे दिली होती. तो रोज सकाळी बर्फावर शाळामास्तरासारखा उभा राहायचा.

"जाधवसाहेब, प्रकृती?"

"ठीक." आणि ते खरं होतं. दोन दिवस मी चढलो, पडलो, थांबायला शिकलो. नेगीजी म्हणाले, "अब झंडा दूर नहीं है." तिसऱ्या दिवशी एवढा बर्फ पडला की उतार बंद. चौथा दिवस आमचा शेवटचा होता, संध्याकाळी निघायचं होतं.

चौथ्या दिवशी ऊन पडलं. ताजा बर्फ, वर तांबडा झेंडा, आणि माझं डोकं सकाळपासून दुखत होतं.

फार नाही, कपाळाच्या एका बाजूला. खोकला नव्हता, उलटी नव्हती. उजेडानं असेल. झोप कमी झाली असेल. पित्तही असेल. हो, तो शब्द आलाच, आणि जिभेवर येऊन बसला. सगळे रांगेत उभे होते. चढायला पाऊण तास, उतरायला दोन मिनिटं. दोन वर्षं मी जिने मोजले होते ते या दोन मिनिटांसाठी.

"जाधवसाहेब, प्रकृती?"

म्हात्रे पेन धरून माझ्याकडे बघत होता. घाई करत नव्हता.

"डोकं दुखतंय," मी म्हणालो. "ठीक नाही."

त्यानं मान हलवली आणि सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं. नेगीजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तो नीचे चलिए." समजूत नाही, हळहळ नाही. मी वाकून स्की सोडवत होतो तेवढ्यात मागून स्टोअर्सचा कुलकर्णी म्हणाला, "म्हात्रे, माझंही 'ठीक' खोडा जरा. मला सकाळपासून मळमळतंय. मघाशी बोललो नाही."

आम्ही दोघं रोपवेनं खाली आलो. जोशीमठला पोचेपर्यंत माझं डोकं उतरलं. काहीच नसेल कदाचित. असं म्हणून मनाला लावून घ्यायला वाव आहे, आणि मी ते लावूनही घेतलं. मग बूथवर जाऊन घरी फोन लावला.

"विद्या, मी ठीक नव्हतो. सकाळी डोकं दुखत होतं. झेंडा सोडला, खाली आलोय."

 तिनं विचारलं, "खोकला?"

"नाही."

"आडवं होता येतंय?"

"येतंय. आता डोकंही थांबलंय."

"बरं केलंत सांगितलंत," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. बूथच्या काचेआड मीही रडलो. झेंडा हुकल्याचं वाईट वाटलं होतं, ते तिथे बाहेर पडलं.

घरी

परत आल्यावर बॅग रिकामी करताना वही तिच्या हाती लागली. तिनं माझ्या नावापुढची ओळ वाचली. ठीक, ठीक, उतार बंद, आणि मग म्हात्रेच्या अक्षरात 'ठीक नाही, डोके'. पुन्हा वाचली. मग वही माझ्या टेबलावर ठेवली.

सोमवारी कामावर गेलो. संध्याकाळी आलो, जिने चढलो, न थांबता. दार उघडं होतं. आत पोळ्या चालल्या होत्या.

"ठीक?" तिनं आतून विचारलं.

"ठीक," मी म्हणालो, आणि सवयीनं मनगट वर करून दारातच उभा राहिलो.

ती बाहेर आली नाही. लाटणं फिरल्याचा आवाज तसाच चालू होता. थोड्या वेळानं आतूनच म्हणाली, "पुढच्या खेपेला रजा दोन दिवस जास्त टाका. तुमचं गणित तेवढ्यानंच चुकतंय."